पाटाच्या पाण्यातील शाळा



खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे राहतात. त्यांना घडविणारे गुरुजी मात्र बहुधा विस्मृतीत जातात. अशाच एका प्राथमिक शिक्षकाची ही हकीकत आपण अवश्य वाचावी.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी माउई या बेटावर सोइची साकामोटो यांचा जन्म १९०६ साली झाला. आईवडील जपानहून आलेले. पुऊनेने येथील शाळेत ते शिकवीत. आसपास उसाचे विस्तीर्ण मळे होते आणि विद्यार्थी बहुतेक मळ्यांतील मजुरांची मुले. उसाला पाणी देणाऱ्या पाटांत ही मुले डुंबत आणि मळ्याचे लोक त्यांना हुसकावून लावीत. तेव्हा साकामोटो पुढे आले व मुलांवर देखरेख करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. ते स्वतः काही नामांकित जलतरणपटू नव्हते. परंतु निरीक्षण दांडगे होते. प्रवाहाविरुद्ध पोहावयास लावून त्यांनी मुलांची ताकद वाढविली; प्रवाहाबरोबर सोडून वेग शिकविला.

१९३७ साली त्यांनी 'तीन वर्षांचा जलतरण क्लब' स्थापला. तीन वर्षे कशासाठी? तर १९४० चे ऑलिंपिक गाठण्यासाठी! ते टोकियोत व्हावयाचे होते. अनेकांना हे वेड वाटले असेल. पण त्यांच्या संघाने १९३९, १९४० व १९४१ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. मुलीही मागे नव्हत्या. फुजिको कात्सुतानी हिने १९३९ साली ब्रेस्टस्ट्रोक प्रकारात राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले.

मात्र ज्यासाठी सारी खटपट केली, ते ऑलिंपिक झालेच नाही. युद्धामुळे जपानने १९३८ मध्ये यजमानपद सोडले. स्पर्धा हेलसिंकीला गेल्या आणि पुढे रद्दच झाल्या. ऐन उमेदीची वर्षे हातची गेली. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध हवाईच्या दारात आले.

साकामोटो यांनी काम सोडले नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बिल स्मिथ याने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे अंतर ४ मिनिटे ४१ सेकंदांत तोडून सुवर्णपदक मिळविले. दुसरे सुवर्ण सांघिक शर्यतीत आले. केओ नाकामा या दुसऱ्या शिष्याला ऑलिंपिक कधीच लाभले नाही. तो शिकला, शिक्षक झाला, पुढे विधिमंडळातही निवडून गेला. साकामोटो यांनी नंतर हवाई विद्यापीठात मार्गदर्शन केले. १९६६ साली आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. १९९७ मध्ये ते निवर्तले.

पालकहो, आपल्या शाळेला तलाव नाही, मोठे मैदान नाही, ही तक्रार खोटी नाही. परंतु साकामोटो यांनी तलावाची वाट पाहिली असती तर मुलांचे वय निघून गेले असते. नाकामाचे उदाहरण तर विशेष लक्षात ठेवावे. पदक हुकले तरी तालमीने लागलेली शिस्त आणि मिळविलेले शिक्षण त्याच्याजवळ राहिले. आपल्या मुलामुलींना तेवढे जरी आपण देऊ शकलो, तरी पुष्कळ झाले.