उरलेला एक दात : अर्ध्या कवळीची पूर्वपीठिका

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही आपली म्हण माणसांचे दोनच वर्ग मानते. प्रत्यक्षात प्रौढ वयातील अनेकांची वर्षे या दोहोंच्या मधल्या अवस्थेत जातात. दोनचार दात पडलेले असतात आणि उरलेले अजून शाबूत असतात. या मधल्या अवस्थेसाठी अर्धी कवळी निर्माण झाली. तिचा इतिहास पाहू लागले की ध्यानात येते, प्रश्न केवळ गेलेल्या दातांच्या जागी काय बसवावे एवढाच कधी नव्हता. राहिलेल्या दातांवर किती भार टाकावा, हाही होता.

इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पातळ पट्ट्यांनी शेजारच्या दातांना जखडलेले दात सापडले आहेत. फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही कृत्रिम दात शेजारच्या दातांना दोऱ्याने वा सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत सांगितली आहे. पडलेल्याचे ओझे शेजाऱ्याने वाहावे, असा हा सरळ हिशेब होता. शेजारी मुळात दुबळा असेल तर काय होते, याची साक्ष अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांतून मिळते.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ सालचा. पहिला दात काढल्याची नोंद १७५६ ची, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाची आहे. पुढे एकेक करून दात जात राहिले. १७८२ साली, युद्ध संपत आलेले असताना, आपल्या घरच्या मेजाच्या खणात ठेवलेले दात पाठवून द्यावेत, असे त्यांनी कारभाऱ्याला कळविले होते. १७८९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या मुखात स्वतःचा एकच दात उरला होता.

त्या सुमारास न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांच्यासाठी खालची कवळी तयार केली. पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या त्या पट्टीत मानवी दात बसविले होते आणि त्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवले होते. कवळी स्थिर राहावी म्हणून त्या दाताचा आधार घेतला, पण चावताना बसणारा हिसकाही त्यालाच सोसावा लागणार होता. १७९६ साली तोही काढावा लागला. ग्रीनवुड यांनी तो एका छोट्या पेटिकेत जपून घड्याळाच्या साखळीला अडकविला. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन यांनी त्यांना लिहिले की कवळीमुळे ओठ सुजल्यासारखे पुढे येतात. गिल्बर्ट स्टुअर्ट याने १७९६ साली काढलेल्या चित्रातील घट्ट मिटलेले ओठ आज एक डॉलरच्या नोटेवर दिसतात.

वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, ही दंतकथा आहे. खरी हकिकत तिच्याहून कठोर आहे. १७८४ च्या मे महिन्यात त्यांच्या हिशेबवहीत एका फ्रेंच दंतवैद्याच्या नावे नऊ दातांसाठी कृष्णवर्णीयांना ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. हे दात कुठे बसविले गेले, ते नोंद सांगत नाही. परंतु धनिकाच्या मुखातील पोकळी दुसऱ्याच्या मुखातून भरून काढता येत असे आणि ते दुसरे मुख बहुधा गुलामाचे होते, एवढे त्या एका ओळीतून उघड होते.

पुढील शतकाने ही गरज संपविली. चिनी मातीचे दात आले. १८५० नंतर गंधकाने कठीण केलेले रबर आले. तोंडाच्या ठशावर ते हुबेहूब बसत असल्याने कवळी स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅक्रिलिकने रबराची जागा घेतली. त्याच सुमारास कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची अर्धी कवळी प्रचारात आली. दरम्यान १९२५ साली एडवर्ड केनेडी यांनी रिकाम्या जागा कुठे आहेत, यावरून अर्धवट दंतपंक्तीचे चार वर्ग पाडले. ते आजही शिकविले जातात.

आज अर्धी कवळी निवडताना हाच जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. अ‍ॅक्रिलिकची कवळी स्वस्त असते आणि नवा दात तिला सहज जोडता येतो. मात्र ती मुख्यतः हिरडीवर टेकते; खालचे हाड झिजत जाते तशी ती खचते आणि शेजारच्या दातांच्या हिरड्या दाबते. ओतीव धातूची कवळी महाग असते, परंतु दातांवर कोरलेल्या लहान खाचांत तिचे टेकू बसतात आणि भार अनेक दातांत विभागला जातो. रिकाम्या जागेच्या मागे एकही दात नसेल, तर तीही काही अंशी हिरडीवरच विसंबते. म्हणून किंमत विचारण्यापूर्वी राहिलेले दात किती भक्कम आहेत, हे दंतवैद्याकडून समजून घ्यावे. हिरड्यांचा रोग असेल तर आधी त्याचा उपचार करावा. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी आणि तिचे आकडे ज्या दातांना धरतात, ते दात विशेष निगेने घासावेत.

ग्रीनवुड यांनीही १७९८ साली वॉशिंग्टन यांना जवळपास हाच उपदेश केला होता : जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, पोर्ट मद्याने ती काळी पडते. तोवर तो एक दात मात्र निघून गेला होता. ज्यांचे दहा-वीस दात अजून जागेवर आहेत, त्यांना हा उपदेश वेळेवर मिळाला आहे.