इंजिनाचे पाणी जाते कोठे?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथे पाणी आहे, पण शिडाची नौका नाही. वैनगंगेवर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवरांचे डोंगे माणसाच्या बळावर चालतात. तरीही समुद्रावरील शिडाच्या नौकेच्या पोटात जे लहान डिझेल इंजिन असते, त्याचे जवळचे भावंड या जिल्ह्यात नदीनाल्यांच्या काठी पंपाला जोडलेले दिसते. दोघांचे एक दुखणे समान आहे : थंड करणारे पाणी कमी होणे. धान निसवताना काठावरचे इंजिन जाम झाले, तर हंगामाचे नुकसान होते. खडकाळ किनाऱ्याजवळ वारा पडलेला असताना नौकेचे इंजिन बंद पडले, तर प्राणावर बेतते. म्हणून ‘पाणी गेले कोठे?’ या साध्या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुळात इंजिनाला पाणी का लागते? इंधन जळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाक फिरवतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि जवळजवळ तेवढाच सिलिंडरच्या भिंतींमध्ये उतरतो. ही उष्णता बाहेर नेली नाही तर वंगण जळते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. ५ अश्वशक्तीचे इंजिन घेतले, तर पाण्याला दर सेकंदाला सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता वाहून न्यावी लागते. हे काम केवळ पाणी उकळवून करायचे म्हटले, तर ३० अंश सेल्सिअसच्या १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात. म्हणजे ताशी ५ लिटरहून थोडे अधिक पाणी वाफ होऊन जाईल. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर सहज करता येते.

आरंभीच्या इंजिनांत नेमके हेच घडत असे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारगाडीत पाणी उकळून उडून जाई व ते पुन्हा भरावे लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, गाडीने गेली. या प्रवासात तिला वारंवार थांबून पाणी भरावे लागले. तेव्हा पाणी घटणे हा इंजिनाचा दोष नव्हता, तो त्याचा स्वभावच होता.

रुडॉल्फ डिझेल यांची कल्पना तर याहून धाडसी होती. आपल्या आदर्श इंजिनाला थंड करण्याची गरजच पडणार नाही, असे त्यांचे प्रारंभीचे गणित सांगत होते. १८९३ च्या त्यांच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनाला पाण्याचे आवरण नव्हते. प्रयोगांनी मात्र वेगळे शिकवले. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेले इंजिन पाण्याने थंड केलेले होते आणि त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली.

खरा बदल १९०० च्या सुमारास झाला. विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि केवळ ९ लिटर पाणी पुन:पुन्हा फिरून काम भागवी. पुढे झाकणाला स्प्रिंग बसवून पाणी दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली. तत्त्व प्रेशर कुकरचेच : वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब असेल तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. आता पाणी बंदिस्त झाले. त्यामुळेच ते घटणे ही गोष्ट स्वाभाविक न राहता रोगाचे लक्षण बनली.

महाराष्ट्रात डिझेल इंजिन बनवण्याची सुरुवात १९३० च्या दशकात सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात झाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शेतीच्या इंजिनांत बहुधा सोपी रीत वापरली गेली. पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाच्या आवरणातून फिरवायची आणि पाटात सोडायची. येथे पाणी संपत नाही. पण पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळून पंपाने पाणी सोडले, की इंजिनाचेही पाणी तुटते. वैनगंगेकाठचा जाणता शेतकरी म्हणूनच इंजिनाकडे कमी आणि परत येणाऱ्या त्या धारेकडे अधिक पाहतो.

समुद्रावरही आधी हीच रीत होती. कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या मासेमारी होड्यांवर १९५० च्या दशकापासून डिझेल इंजिने बसू लागली. पण खारे पाणी इंजिनातून थेट फिरवले, तर लोखंड गंजते आणि तापमान वाढताच क्षारांचे थर जमतात. म्हणून दोन फेऱ्यांची योजना आली. आतल्या फेरीत गोडे पाणी इंजिनात फिरते. बाहेरच्या फेरीत समुद्राचे पाणी येते, नळ्यांच्या एका जुडग्यातून गोड्या पाण्याची उष्णता घेते आणि धुराबरोबर बाहेर पडते. या जुडग्याला उष्णता-विनिमयक म्हणतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा शिडाच्या नौकांनाही बंदरात शिरण्यासाठी आणि बॅटऱ्या भारित करण्यासाठी डिझेल इंजिन लागतेच.

आता समजा, अशा नौकेतील गोडे पाणी दररोज थोडे घटते, पण तळाशी एक थेंबही दिसत नाही. शोध कसा घ्यावा? पहिली गोष्ट, खरोखर गळती आहे का? ३० अंशांचे पाणी ९० अंशांना सुमारे ३ टक्के प्रसरण पावते. १० लिटर पाणी काठोकाठ भरले, तर ३०० मिलिलिटर बाहेर सांडणारच. पातळी त्यानंतर स्थिर राहिली, तर दोष इंजिनाचा नाही, भरणाऱ्याचा आहे. दुसरी गोष्ट, झाकण. स्प्रिंग ढिली पडली तर पाणी लवकर उकळून निसटते. तिसरी, रबरी नळ्या व पाण्याचा पंप. गरम भागावर थेंब वाळून जातो, पण डाग मागे ठेवतो. चौथी, वंगण. तेल दुधाळ दिसले तर पाणी त्यात मिसळले आहे. पाचवी, सिलिंडर. पांढरा धूर सतत येत राहिला, किंवा इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे दिसले, तर हेडखालच्या गॅस्केटवर संशय घ्यावा.

यांपैकी काहीच नसेल तर उरतो उष्णता-विनिमयक. त्याची एखादी नळी झिजून भोक पडले, की इंजिन चालू असताना दाबाखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून समुद्रात जाते. पाण्यात पाणी मिसळल्यावर दिसणार काय? म्हणून थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब द्यावा आणि मापकाचा काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर विनिमयक काढून, तोंडे बंद करून, आत हवा भरून पाण्यात बुडवावा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत. एक सावधगिरी मात्र कायम पाळावी : गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांवरचे पाणी उसळून चेहरा व हात भाजतात.

द्रव्य नाहीसे होत नाही, हा लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकात तराजूने दाखवलेला नियम मुले पाठ करतात. त्याचा उपयोग येथे दिसतो. पाणी नाहीसे झालेले नाही. ते वाफेत, तळाशी, तेलात, धुरात किंवा समुद्रात आहे. एकेक शक्यता तपासून वगळत गेले, की उत्तर उरते. शाळेजवळ पंपाचे इंजिन चालत असेल, तर विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या धारेचे तापमान मोजावे, एका मिनिटात किती लिटर पाणी येते ते बादलीने पाहावे आणि इंजिन किती उष्णता टाकून देते ते काढावे. नौकेवर असो वा नाल्याकाठी, रोज किती पाणी भरले याची तारीखवार नोंद ठेवणाऱ्याला बिघाडाची सूचना इंजिन बंद पडण्यापूर्वी मिळते.