केबल फेरी

केबल फेरी म्हणजे दोन्ही काठांना बांधलेल्या दोराच्या, पोलादी तारेच्या किंवा साखळीच्या आधाराने नदी अथवा अरुंद जलाशय ओलांडणारी नाव होय. तिच्यातून प्रवासी, जनावरे आणि वाहने यांची वाहतूक केली जाते. दोन ठरलेल्या धक्क्यांमध्येच ती ये-जा करते. पूल बांधण्याइतकी रहदारी नसलेल्या, परंतु वर्षभर पुरेसे पाणी असलेल्या नद्यांवर हे साधन उपयुक्त ठरते. ज्या नद्यांच्या पातळीत ऋतुमानानुसार मोठा फरक पडतो, तेथे त्याच्या वापरास मर्यादा येतात. महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा आणि पैनगंगा या नद्या अशा प्रकारच्या आहेत.

नाव

नदीपार नेणाऱ्या नावेसाठी मराठीत 'तर' हा जुना शब्द आहे. नदी ओलांडण्याच्या जागेला 'उतार' किंवा 'घाट' म्हणतात. विदर्भात लहान नावेला 'डोंगा' असे म्हटले जाते, तर वाहने वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या साधनासाठी 'तराफा' हा शब्द प्रचलित आहे. दोरावर चालणाऱ्या नावेसाठी मात्र 'केबल फेरी' हे इंग्रजीतून आलेले नावच वापरले जाते.

रचना आणि प्रकार

केबल फेरीची नाव सामान्यतः रुंद व सपाट तळाची असते. वाहने थेट चढता-उतरता यावीत म्हणून तिच्या दोन्ही टोकांना खाली-वर होणारे उतरते फलक असतात. त्यामुळे नाव वळवण्याची गरज पडत नाही. चालनशक्तीवरून तिचे पुढील प्रकार पडतात.

मनुष्यबळावर चालणारी फेरी: नावेतील माणसे काठापासून काठापर्यंत ताणलेला दोर हातांनी ओढतात आणि नाव पुढे सरकते. हा सर्वांत साधा प्रकार असून तो लहान प्रवाहांवर आढळतो.

यंत्रावर चालणारी फेरी: नावेवरील इंजिन चाके फिरवते. ही चाके तार किंवा साखळी एका टोकाकडून ओढून दुसऱ्या टोकाकडे सोडतात. नाव नसलेल्या भागात साखळी स्वतःच्या वजनाने तळाशी बसते, त्यामुळे इतर जहाजांना तेथून जाता येते.

प्रवाहावर चालणारी फेरी: हिला इंजिन नसते. पात्रावर ताणलेल्या तारेवरून एक गाडा सरकतो आणि नाव त्याला दोरांनी बांधलेली असते. हे दोर कमी-अधिक करून नाव प्रवाहाशी तिरपी केली जाते. तिरप्या बाजूवर येणारा पाण्याचा दाब तिला पलीकडे ढकलतो. परत येताना तिरपेपणाची दिशा बदलावी लागते. इंधन लागत नसले तरी नदीला पुरेसा आणि सातत्याचा प्रवाह असणे येथे अत्यावश्यक असते.

इतिहास

दोर ओढून नाव पलीकडे नेण्याची पद्धत प्राचीन आहे. आधुनिक यांत्रिक स्वरूप तिला एकोणिसाव्या शतकात प्राप्त झाले. ब्रिटिश अभियंता जेम्स मेडोज रेंडेल याने १८३१ मध्ये इंग्लंडमधील डार्टमथ येथे साखळीवर चालणारी फेरी सुरू केली. १८३४ मध्ये प्लिमथजवळील टॉरपॉइंट येथे त्याने वाफेच्या इंजिनावरील अशीच सेवा उभारली. टॉरपॉइंटची सेवा आजही चालू असून तेथील तीन नावांपैकी प्रत्येकीत ७३ मोटारी मावतात.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात ऱ्हाइन नदीवर १८५४ पासून प्रवाहावर चालणाऱ्या फेऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियातील मरे नदीवर दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात वाहनांसाठी विनाशुल्क केबल फेऱ्या चालतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डेनमन बेटाला जोडणारी सुमारे २ किलोमीटर लांबीची फेरी २०१६ मध्ये सुरू झाली. याच प्रांतात फ्रेझर नदीवर लिटन येथे प्रवाहावर चालणारी फेरी आहे. पाणी फार वाढले किंवा फार ओसरले की ती बंद ठेवावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती

यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडील सीमा बऱ्याच अंशी वर्धा नदीने, तर दक्षिणेकडील सीमा पैनगंगेने आखली आहे. वर्धेच्या पलीकडे वर्धा व चंद्रपूर, तर पैनगंगेच्या पलीकडे हिंगोली, नांदेड आणि तेलंगणातील आदिलाबाद हे जिल्हे येतात. वणी तालुक्यातील जुगाद गावाजवळ या दोन नद्यांचा संगम होतो.

या नद्या दीर्घकाळ राज्यांच्याही सीमा होत्या. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडला आणि तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर वर्धा ही वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामधील, तर पैनगंगा ही वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांच्यामधील सीमा ठरली. नदीपलीकडील नातेवाईक, बाजार किंवा यात्रा गाठणे म्हणजे एका राजवटीतून दुसरीत जाणे होते.

मध्य प्रांतात १८७८ चा उत्तर भारत फेरी कायदा लागू होता. त्यानुसार सरकारला एखादा उतार सार्वजनिक घोषित करता येई, त्याच्या वसुलीचा लिलाव करता येई आणि दरपत्रक ठरवता येई. या कायद्यातील 'फेरी'च्या व्याख्येत नावांचा पूल व तराफ्यांचा पूल यांबरोबर 'फ्लाइंग ब्रिज'चाही समावेश आहे. प्रवाहावर चालणाऱ्या केबल फेरीला त्या काळी इंग्रजीत हेच नाव होते.

तथापि, येथील नद्यांचे स्वरूप अशा फेरीस अनुकूल नाही. त्यांचा प्रवाह मुख्यतः मोसमी पावसावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात पात्राचा मोठा भाग उघडा पडून अनेक ठिकाणी ते पायी ओलांडता येते. पावसाळ्यात मात्र पाणी काठ सोडते आणि झाडांचे ओंडके वाहून येतात. ईसापूर किंवा अप्पर वर्धा धरणातून विसर्ग सुरू झाल्यास खालच्या भागातील पातळी थोड्या वेळात वाढते. पुराच्या वेळी ताणलेली तार व तिला अडकवलेली नाव धोक्यात येते, तर उन्हाळ्यात नाव तरंगण्याइतकेही पाणी उरत नाही. त्यामुळे अशा नद्यांवर हंगामी डोंगे, कोरड्या ऋतूतील पायवाटा आणि पूल हेच व्यवहार्य मार्ग ठरतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्याच्या दक्षिणेस पुलावरूनच पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जातो.

महाराष्ट्र व गोव्यातील अन्य सेवा

महाराष्ट्र व गोव्यातील वाहनवाहू फेऱ्या प्रामुख्याने खाड्या, नदीमुखे व जलाशयांत आढळतात, कारण तेथे पाणी वर्षभर टिकते. रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे ही सेवा २००३ पासून चालू आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा परिसरात तराफ्यातून वाहने नेली जातात. गोव्यात रायबंदर–चोडण यांसारख्या मार्गांवर शासनाच्या नदी परिवहन खात्याच्या फेऱ्या आहेत. कोकण व गोव्यातील या फेऱ्या स्वतःच्या इंजिनावर चालतात. त्या केबल फेऱ्या नव्हेत.

सुरक्षितता

दोरामुळे नाव प्रवाहाबरोबर वाहत जाण्याचा धोका कमी होतो. परंतु तोच दोर तुटल्यास किंवा नाव त्याला अडकून कलंडल्यास अपघात गंभीर होतो. ताणलेली तार इतर नावांनाही धोकादायक असते. म्हणून फेरी चालू असताना इशारा देणे, तारेची नियमित तपासणी करणे, भारमर्यादा पाळणे आणि ठरावीक पातळीनंतर सेवा बंद ठेवणे आवश्यक असते.

यांतील शेवटच्या दोन बाबी नदी ओलांडण्याच्या इतर साधनांनाही लागू पडतात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागावजवळ पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एस.टी. बस वाहून गेली आणि त्यात जीवितहानी झाली. पहिली दुर्घटना नावेची, तर दुसरी पुलावरची होती. पाणी ओसरेपर्यंत मार्ग बंद ठेवण्याचा नियम त्यामुळे फेरीइतकाच कमी उंचीच्या पुलांनाही आवश्यक ठरतो.

हेही पहा

वर्धा नदी
पैनगंगा नदी
यवतमाळ जिल्हा
तराफा