खोट्या किल्लीची खरी गोष्ट

आपल्या शरीरात क्षणोक्षणी असंख्य रेणू एकमेकांना भेटतात, घटकाभर बिलगतात आणि पुन्हा अलग होतात. श्वास, पचन, स्मृती, वेदना या साऱ्यांच्या मुळाशी हे बिलगणेच असते. कोणी कोणाला बिलगावे हे मात्र योगायोगावर सोडलेले नाही. ते कसे ठरते याचा शोध घेताना विज्ञानाने जी वाट चोखाळली, तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईच्या गिरणगावात आहे. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रारंभ जर्मनीत होतो. एमिल फिशर हा रसायनशास्त्रज्ञ साखरेच्या रेणूंचा अभ्यास करीत होता. घटक अणू तेच, त्यांची संख्याही तीच, केवळ मांडणीत डावे-उजवे एवढा फरक. तरीही एका विकराने एक रेणू फोडावा आणि दुसऱ्याला स्पर्शही करू नये, असे त्याला आढळले. १८९४ साली त्याने याला एक समर्पक उपमा दिली: विकर हे कुलूप आणि साखर ही किल्ली. दाते जुळले तरच काम व्हायचे. पुढे पॉल एरलिख याने हाच विचार औषधांना लावला. जो पदार्थ शरीरात कोठेतरी जोडला जात नाही तो काही कार्यही करीत नाही, असे त्याचे सूत्र होते. १९१३ साली त्याने ते जाहीरपणे मांडले, तेव्हा ते कुलूप प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नव्हते. सगळा व्यवहार अनुमानाचा होता.

आता परळला येऊ. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका भयंकर रक्तक्षयाचा शोध घेणे हे तिचे काम. भोवती कापडगिरण्यांची धुराडी, दाटीवाटीच्या चाळी आणि मध्ये हाफकिन संस्था. गिरणीत राबणाऱ्या गरीब घरांतील बायका या रोगाला विशेष बळी पडत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने अवाजवी मोठ्या दिसत. हा जंतूंचा प्रताप असावा, असा एक तर्क होता. विल्सने मात्र या बायकांच्या ताटात काय पडते ते पाहिले. भाजीपाला, फळे, दूध यांचा तेथे दुष्काळ होता. तसाच निकस आहार तिने माकडांना दिला आणि त्यांनाही तसाच रक्तक्षय जडला. मग यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात ‘मार्माइट’ नावाने मिळणारा स्वस्त काळसर लगदा, देऊन पाहिला. माकडे सुधारली, आणि बायकाही सुधारल्या. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून पुष्कळ दिवस त्याला ‘विल्स घटक’ असेच म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांच्या प्रचंड राशीतून एक जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल. विल्सच्या अर्कातला गुण याच कुळातला होता, हे नंतर स्पष्ट झाले.

येथे या गोष्टीत एक आंध्र माणूस प्रवेश करतो. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमवरमचा. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे मोलाचे संशोधन करूनही त्यांना कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले. आता पालकाच्या राशींची गरज उरली नाही.

याच सुमारास बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हा डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांवर उपचार शोधीत होता. त्या काळी हा रोग म्हणजे काही आठवड्यांची वा महिन्यांची मुदत. फार्बरने मुलांना फॉलिक आम्लाची संयुगे दिली आणि रोग उलट अधिकच भडकला, असे त्याला दिसले. दुसरा कोणी हताश होऊन थांबला असता. फार्बरने सरळ विचार केला: जे दिल्याने रोग फोफावतो, ते अडवले तर रोग दबेल. पण अडवायचे कसे? त्यासाठी हवी होती खोटी किल्ली. कुलपात शिरणारी, पण कुलूप न उघडणारी.

ती लेडर्लीच्या रसायनज्ञांनी घडवली. फॉलिक आम्लाच्या रेणूत एके जागी ऑक्सिजन व हायड्रोजनचा जो गट असतो, तो काढून नायट्रोजनचा गट बसवला. बदल एवढासाच, आणि झाले अॅमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बरने सोळा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहांचा रोग मागे हटला होता. तो टिकला नाही, काही काळाने उलटलाच. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे रेटता येतो हे जगाला प्रथमच दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे त्यांना पाहता आले नाही.

अॅमिनोप्टेरिनचे जवळचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५६ साली या औषधाने वारेपासून उद्भवणारा, स्त्रियांचा एक घातक कर्करोग बरा होऊ शकतो असे दिसून आले. गरोदर बायकांच्या रक्तक्षयापासून निघालेली वाट अशी पुन्हा मातृत्वापाशीच येऊन पोचली.

ही खोटी किल्ली बसते तरी कोठे? आपल्या पेशीत डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचे विकर असते. फॉलिक आम्लाला कामाच्या रूपात आणणे हे त्याचे काम. त्याशिवाय पेशीला नवा डीएनए घडवता येत नाही, मग विभाजन कसले? रक्त घडवणाऱ्या पेशी आणि कर्कपेशी दोन्ही घाईने विभागतात, म्हणून टंचाई झाली की आधी त्यांचेच अडते. मेथोट्रेक्सेट या विकराच्या खाचेत खऱ्या रेणूपेक्षा हजारपटींहून घट्ट बसते. गंमत अशी की हा बंध पक्का रासायनिक जोड नव्हे. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण, पाण्याला टाळणाऱ्या भागांची जवळीक, असे कितीतरी दुबळे धागे एकत्र येतात. एकेक धागा बोटाने तुटावा, पण पीळ पडला की दोरखंड होतो.

१९७७ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवाणूतील या विकराचे, मेथोट्रेक्सेटसह, चित्र मिळाले. फिशरने कल्पिलेले कुलूप आता डोळ्यांसमोर होते. आणि पुढील अभ्यासातून कळले की खोट्या किल्लीचे मुख्य कडे खऱ्याच्या तुलनेत पालथे होऊन बसते! दिसायला सारखी, पण बसण्याची तऱ्हा निराळी. त्याआधीच, १९५८ साली, डॅनियल कॉशलंड याने सुचवले होते की विकर लोखंडी कुलपासारखे ताठ नसते. हात शिरताना मोजा आकार घेतो, तसे तेही पाहुण्याप्रमाणे थोडे बदलते. फिशरची उपमा त्यामुळे मोडीत निघाली नाही, फक्त थोडी लवचीक झाली.

आज या इतिहासाची दोन टोके आपल्या घरांतच भेटतात. गरोदर सुनेला सरकारी दवाखान्यातून मिळणारी रक्तवाढीची गोळी म्हणजे लोह आणि फॉलिक आम्ल. ती कंटाळा न करता घ्यावी. आणि सांधेवाताने आखडलेल्या सासूबाईंना डॉक्टर जी मेथोट्रेक्सेटची गोळी देतात, ती अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सोबत बहुधा फॉलिक आम्लही दिलेले असते. ही साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जा कोलमडते आणि जीवावर बेतते. चिठ्ठी एका भाषेत, वेष्टन दुसऱ्या भाषेत आणि वाचणारा तिसऱ्याच भाषेत शिकलेला, अशा आपल्या भागात ही चूक सहज घडू शकते. म्हणून घरातल्या जाणत्याने गोळीचा वार ठरवून तो मोठ्या अक्षरात, वाचणाऱ्याला कळेल त्या भाषेत लिहून ठेवावा.

गिरणगावातील त्या बायकांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. त्यांच्या फिकट रक्ताने जे शिकवले, ते मात्र आज घरोघरच्या औषधांच्या डब्यात आहे.