मालचा महालाची बेगम

1975 साली अमेरिकेत ‘ग्रे गार्डन्स’ नावाचा एक वेगळाच माहितीपट तयार झाला. त्यातल्या दोघी म्हणजे जॅकलिन केनेडींची आत्या आणि आतेबहीण. पडक्या बंगल्यात मांजरांच्या राबत्यात राहायचं, जुन्या वैभवाच्या गप्पा मारायच्या आणि दिवसभर एकमेकींशी भांडायचं, हा त्यांचा दिनक्रम. त्याच सुमारास दिल्लीतही असंच एक विक्षिप्त कुटुंब होतं. त्यांचं भांडण मात्र थेट भारत सरकारशी होतं.

बेगम विलायत महल यांनी मुलगा, मुलगी, नोकर, कुत्रे आणि गालिचे घेऊन नवी दिल्ली स्टेशनच्या वेटिंग रूममध्येच मुक्काम ठोकला. आम्ही अवधच्या नवाबाचे वारस आहोत. 1856 मध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहांचं राज्य खालसा केलं, त्याची भरपाई द्या, अशी त्यांची मागणी. लखनौत देऊ केलेलं घर त्यांनी नाकारलं. हे सुमारे दहा वर्षं चाललं. कोलकात्यातल्या नवाबाच्या वंशजांना हा दावा मान्य नव्हता. तरीही 1985 मध्ये सरकारने त्यांना रिजच्या जंगलातला मालचा महाल राहायला दिला. तुघलकांच्या काळातली ही शिकारीची वास्तू. ना वीज, ना नळ. बेगम 1993 मध्ये गेल्या. मुलगा अली रझा 2017 मध्ये तिथेच एकटा वारला.

2019 मध्ये पत्रकार एलन बॅरी यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छडा लावला. राजवंश वगैरे काही नव्हतं. विलायत यांचे पती लखनौ विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेलं, पण मागे राहिलेलं सगळं विलायत यांच्या मनातून गेलं नाही.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. पानिपतावर 1761 मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे उभा राहिला. 1776 मध्ये त्याला देहदंड झाला, पण तोवर कोकणात त्याच्यामागे मोठी फौज जमली होती. भाऊ परत यावेत असं लोकांना मनापासून वाटत होतं, म्हणून तो चालला. अवधवर अन्याय झाला, हेही खरंच होतं. त्यामुळे बेगमला स्टेशनवरून हुसकावणं सरकारला जड गेलं.

आता विचार करा. फाळणीत घर गेलेली रजिस्ट्रारची बायको म्हणून त्या स्टेशनवर बसल्या असत्या, तर त्यांची दखल कुणी घेतली असती का?