काच ओघळत नाही

युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, कारण काच हा मुळात द्रव आहे आणि शतकानुशतकं तो हळूहळू खाली ओघळतो. विज्ञानाची आवड असलेल्या बहुतेक मराठी वाचकांनी हे कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कुणी शाळेत ऐकलं, कुणी प्रश्नमंजूषेत, कुणी प्रवासातल्या गाइडच्या तोंडून. एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात घन अवस्थेच्या धड्यात हाच दाखला बरीच वर्षं छापला जात होता. प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या लाखो मुलांनी तो कारणासकट पाठ केला. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांना ही ‘जुनी इमारत’ पाहायला मिळण्याची शक्यताच कमी. आपल्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि गज, तर गोव्यातल्या जुन्या घरांच्या नि चर्चच्या खिडक्यांत शिंपल्यांच्या दुधी चकत्या बसवलेल्या. दाखला परका, शहानिशा अशक्य आणि उत्तराला मार्क पक्के. समज टिकायला आणखी काय लागतं?

खंडन करायचं तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, आणि तो वाटतो तितका पोरकट नाही. मीठ किंवा बर्फ यांच्या अणुरेणूंची मांडणी कवायतीसारखी नेमकी असते. ते एका ठरावीक तापमानाला वितळतात. काचेला असा वितळणबिंदू नाही. तापवली की ती साखरेच्या पाकासारखी आधी मऊ, मग चिकट, मग पातळ होत जाते, आणि थंड करताना हाच प्रवास उलट. क्ष-किरणांनी पाहिलं तर आतली मांडणी द्रवासारखीच विस्कळीत दिसते. गुस्ताव्ह टामान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेला गोठलेला अतिशीत द्रव म्हटलं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पूर्वपक्षाच्या हातात आणखी एक जोरदार पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात डांबर भरून ठेवलं गेलं आणि १९३० साली नरसाळ्याचं टोक कापलं. हे डांबर हातोडीने फोडलं तर काचेसारखं तडकतं. तरीही ते थेंबाथेंबाने गळतं आहे. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. मग पूर्वपक्षी विचारतो: डांबर वाहतं, तर काच का नाही? फक्त वेळ द्या!

आधी खिडक्यांकडे जाऊ. काच खाली जाड असते हे निरीक्षण सरसकट खरं नाही. जुन्या काचांत वरची कड जाड असलेल्या, एका बाजूला जाड असलेल्या, मधेच फुगीर असलेल्याही काचा सापडतात. गुरुत्वाकर्षण काही आडवं किंवा उलटं काम करत नाही. जाडी कमीजास्त होते ती ती काच बनली तेव्हाच.

ती बनायची कशी ते पाहण्याजोगं आहे. कारागीर लोखंडी फुंकनळीच्या टोकावर भट्टीतला वितळलेला गोळा घेई, लोखंडी पाटावर लोळवून त्याला आकार देई आणि फुंकून मोठा फुगा करी. मग समोरच्या बाजूला एक भरीव सळई चिकटवून फुंकनळी तोडून काढायची. फुग्याला जिथे नळी होती तिथे भोक राही. हा फुगा भट्टीच्या तोंडाशी पुन्हा लालभडक तापवून सळई दोन्ही हातांनी गरागरा फिरवायची. फिरता फिरता भोक रुंदावत जाई आणि एका क्षणी, फडफड आवाज होऊन, सगळा फुगा उलगडून सपाट चकती होई, तीन-चार फुटांची किंवा त्याहूनही मोठी. फिरवणं थांबवलं तर चकती लोंबकळणार, म्हणून ती घट्ट होईपर्यंत सळई फिरतीच ठेवायची. मग ती निववून हिऱ्याने कापून तुकडे पाडायचे. चकती मध्याकडे जाड आणि बाहेर पातळ, त्यामुळे तिच्यातून निघालेल्या तुकड्याची एक कड साहजिकच जाड. सळई तोडलेला मधला गाठीचा तुकडाही टाकून देत नसत. तो स्वस्तात विकला जाई. खिडकी बसवणाऱ्याला जड कड खाली ठेवणं सोयीचं वाटलं तर तो ती खाली ठेवी, नाही वाटलं तर नाही. लांब नळकांडं फुंकून, चिरून, भट्टीत सपाट करायची दुसरी रीतही होती, आणि तिच्यातही एकसारखी जाडी हा योगच. एकसारख्या जाडीची मोठी काच सहज मिळू लागली ती यंत्रयुगात. वितळलेल्या कथिलाच्या पृष्ठभागावर काच तरंगत पसरवायची फ्लोट पद्धत पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केली ती तर १९५९ साली. आज त्या सपाट काचेला सरावलेले आपण जुन्या काचेचा उंचसखलपणा पाहतो आणि त्याचं श्रेय कारागिराच्या मनगटाऐवजी काळाला देतो.

रंगीत काचांच्या जुन्या खिडक्या फुगलेल्या, वाकलेल्या दिसतात हेही खरं. पण त्या तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्या शिशाच्या असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यामुळे आपल्या रोजच्या तापमानालाही ते सतत ताण असेल तर हळूहळू सरकतं. वाऱ्याचा दाब, उन्हाचा ताप आणि स्वतःचं वजन सोसून दमतं ते शिसं, आणि आळ येतो काचेवर.

आणि काच खरोखरच काही शतकांत डोळ्यांना दिसेल इतकी ओघळत असती, तर दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन भांडी आज वस्तुसंग्रहालयांत बसकण मारून बसलेली दिसली असती. त्यांच्या कडा जागच्या जागी आहेत. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीतून निघालेली नैसर्गिक काच. अश्मयुगातल्या माणसांनी तिची पाती काढली, आणि त्या पात्यांची धार अजून धारच आहे. यर्क्स वेधशाळेतल्या १८९७ सालच्या दुर्बिणीचं भिंग ४० इंची, फक्त कडेने धरलेलं. एवढं मोठं भिंग स्वतःच्या वजनाने किंचित वाकतं, पण ते वाकणं लवचीक असतं. दुर्बिणीचा रोख बदलला की वाकण्याची दिशाही बदलते. ओघळलेला पदार्थ असा परत येत नाही. प्रकाशलहरीच्या अंशाइतकी चूकही न चालणारं भिंग ओघळू लागलं असतं, तर सगळ्यांच्या आधी खगोलशास्त्रज्ञांनी ओरड केली असती.

आता आकडे. एडगर झानोत्तो या ब्राझीलच्या काचतज्ज्ञाने १९९८ साली हा प्रश्न गांभीर्याने घेऊन हिशेब मांडला. चर्चची काच दिसेल इतकी ओघळायला लागणारा काळ एकावर बत्तीस शून्यं इतक्या वर्षांहून अधिक निघाला. पुढच्याच वर्षी त्यानेच सहकाऱ्यासह तो हिशेब सुधारून एकावर तेवीस शून्यांवर आणला. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, म्हणजे जेमतेम अकरा अंकी. २०१७ साली काचशास्त्रज्ञ जॉन मॉरो आणि सहकाऱ्यांनी अंदाजावर न थांबता वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घडणीची काच नव्याने वितळवली आणि तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, अभ्यासली. खोलीच्या तापमानाला ती निघाली चारावर चोवीस शून्यं पास्कल-सेकंद. आधीच्या अंदाजांहून ही सोळा शून्यांनी कमी होती. पूर्वपक्षाच्या बाजूने एवढी मोठी सूट क्वचितच कुणाला मिळाली असेल! तरीही त्यांच्या हिशेबात शंभर कोटी वर्षांत काच सरकते ती जास्तीत जास्त एक नॅनोमीटरच्या घरात.

डांबराचा दाखलाही इथेच निकालात निघतो. क्वीन्सलँडच्या डांबराची श्यानता साधारण तेवीस कोटी पास्कल-सेकंद, आणि त्याचा एक थेंब पडायला सरासरी दहा वर्षं. त्याच नरसाळ्यात ही मध्ययुगीन काच ठेवली, तर पहिल्या थेंबाला विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे एक कोटी पट काळ लागेल. पूर्वपक्षाची चूक तर्काची कमी आणि मापाची जास्त आहे. मांडणी द्रवासारखी आहे म्हणून वर्तनही द्रवासारखं, असं अनुमान तापमान न विचारता काढता येत नाही.

मात्र ‘काच स्थिर, अचल’ असा उलटा निष्कर्ष काढायची घाई नको. काच बदलते. जेम्स प्रेस्कॉट जूल, उष्णतेच्या एककाला ज्याचं नाव आहे तो, १८४४ ते १८८२ अशी अडतीस वर्षं आपल्या थर्मामीटरचं शून्य बर्फात तपासत राहिला. ते शून्य हळूहळू वर चढत होतं. एकूण चढ सुमारे एक अंश फॅरनहाइट. पारा तोच, बर्फही तेच. आकसत होता तो काचेचा फुगा, आणि पारा नळीत वर ढकलला जात होता. म्हणजे घरातल्या तापमानाला काचेची हालचाल चालू होती, आणि ती मोजता येण्याइतकी होती. पण हे ओघळणं नव्हे. काच घाईने थंड झाली की आतली मांडणी अर्धवट राहते. ती पुढे अगदी थोडीथोडी सावरून घट्ट बसते. त्यासाठी काही अणूंनी जागच्या जागी सरकणं पुरतं. वाहायचं तर सिलिकॉन-ऑक्सिजनचे मजबूत बंध सतत तुटून नव्याने जुळायला हवेत, आणि थंड काचेत ते होत नाही.

या बारीक फरकाने पुढे उद्योग घडवला. थर्मामीटरचं शून्य सरकणं ही एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांची रोजची डोकेदुखी होती. ओटो शॉट या जर्मन काचतज्ज्ञाने येना इथे भौतिकशास्त्रज्ञ अबे आणि सूक्ष्मदर्शकं बनवणारे झाइस यांच्याबरोबर १८८४ साली काचेची प्रयोगशाळा काढली. काचेत सोडा आणि पोटॅश दोन्ही एकत्र असले की हा दोष बळावतो हे तिथल्या कामातून पक्कं झालं, आणि थर्मामीटरसाठी खास काच आली. २०१३ साली कॉर्निंग या काच कंपनीच्या संशोधकांनी, त्यांत पुन्हा हा मॉरो होताच, मोबाइलवर बसणाऱ्या गोरिला काचेचं आकसणं खोलीच्या तापमानाला मोजलं. दीड वर्षात मीटरभर लांबीमागे काही मायक्रोमीटर. टीव्हीच्या पडद्याच्या काचेवर सूक्ष्म परिपथांचे थर एकावर एक बिनचूक बसवायचे असतात, आणि त्यासाठी ती काच शेकडो अंशांपर्यंत तापवावी लागते. तेव्हा ती जराही आकसली तर थर चुकतात. म्हणून पडद्याची काच बनवणारा तिला कसं निववलं याचा हिशेब ठेवतो.

काच खरोखर वाहते ती भट्टीत. १,५०० अंशांच्या आसपास खिडकीची काच मधासारखी ओतता येते. साडेपाचशे अंशांच्या जवळपास तिची श्यानता एकावर बारा शून्यांवर पोचते. तिथे आतले ताण काही मिनिटांत विरतात, आणि तिथूनच अॅनीलिंग, म्हणजे सावकाश निववणं, सुरू होतं. पॅलोमार दुर्बिणीची २०० इंची तबकडी कॉर्निंगने डिसेंबर १९३४ मध्ये ओतली आणि दहा महिने निववली. काच थंडपणी वाहून स्वतःला सावरणारी असती, तर हे दहा महिने कुणी कशाला घालवले असते? तापमान थोडं उतरलं की श्यानता किती शून्यांनी चढते, या एका वक्रावर काचेचं सगळं तंत्र उभं आहे. ‘काच वाहते’ असं सांगून आपण विद्यार्थ्याच्या हातातून नेमका तोच वक्र काढून घेतो.

पूर्वपक्षाला शेवटचा आसरा उरतो तो २०१७ सालच्या झानोत्तो आणि मॉरो यांच्याच व्याख्येचा. काच ही घनासारखी दिसणारी, पण सतत द्रवावस्थेकडे शिथिल होत जाणारी स्थिती आहे, असं ते म्हणतात. बघा, त्यांनीही कबूल केलं, असा जल्लोष करण्याआधी हे ध्यानात घ्यावं की चर्चच्या खिडक्यांची कथा ज्या दोघांनी आकड्यांनिशी खोटी ठरवली, तेच हे दोघे. अनंत काळाच्या हिशेबाने बोलणारी व्याख्या आठशे वर्षांच्या खिडकीला लावणं हा व्याख्येचा दोष नाही.

तेव्हा रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एवढीच विनंती. जुन्या खिडक्यांचं ते वाक्य तुमच्या टिपणांत असेल तर खोडा. काच काळाबरोबर बदलते याचं उदाहरण हवंच असेल, तर जूलचा थर्मामीटर सांगा. तो बदल अडतीस वर्षं मोजलेला आहे.