बोथहून एका दिवसात पाणी पाहून येताना : धबधबे, धरणे आणि नदीकाठ

बोथपासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत, असा समुद्रकाठचा बेत आपल्याकडे होत नाही. पण पाण्याची हौस भागवण्यासाठी तेवढे लांब जाण्याची गरजही नाही. कडेम, पैनगंगा आणि गोदावरी या तिन्ही नद्यांचे काठ बोथहून एका दिवसात पाहून होतात. पुण्या-नागपूरहून येणारे पाहुणे आणि सुट्टीत गावी आलेली मुले यांच्यासाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

आधी नदी पाहा, मग अंतर

समुद्रकाठच्या गावांत लोक भरती-ओहोटीच्या वेळा पाहून बेटावर जायला निघतात. त्या वेळा आधीच छापलेल्या असतात. आपल्या नद्यांना असे वेळापत्रक नाही. येथे पाणी वर पडलेल्या पावसावर आणि धरणाच्या दारांवर ठरते. म्हणून सहलीचा दिवस सुट्टी पाहून नव्हे, तर आधीच्या दोन दिवसांचा पाऊस पाहून ठरवावा.

याबाबतीत बोथकर नशीबवान आहेत. आपण वरच्या अंगाला राहतो. बोथ, बजारहतनूर आणि इच्चोडा भागातले ओढे-नाले पुढे कडेम नदीला मिळतात. आपल्या गावचा नाला दुथडी भरून वाहत असेल, तर ते पाणी खाली जाणारच. धबधब्याच्या जागी ऊन पडले असले तरी तेथील पाणी वाढू शकते. हैदराबादहून आलेल्या माणसाला हे कळत नाही, आपल्याला अंगणातून दिसते. जोराचा पाऊस सुरू असेल किंवा नुकताच थांबला असेल, तर बेत पुढे ढकलावा.

कडेमच्या वाटेने : पोचेरा आणि कुंटाला

पोचेरा हा सर्वांत जवळचा. तो बोथ मंडलातच आहे. येथे पाणी सुमारे 20 मीटरवरून पडते, पण रुंद पसरून पडते. उतार फार नसल्यामुळे वयस्कर मंडळींना आणि लहान मुलांना हा सोयीचा. खालचा डोह मात्र खोल आहे आणि कातळ शेवाळाने निसरडा होतो.

कुंटाला नेरडिगोंडा मंडलात, कडेम नदीवर आहे. उंची सुमारे 45 मीटर. शकुंतलेवरून हे नाव पडले असे सांगतात. खाली उतरायला शेकडो पायऱ्या आहेत. उतरताना गुडघ्यांना काही वाटत नाही, चढताना वाटते. ज्यांना हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास आहे त्यांनी वरूनच दर्शन घ्यावे. येथील सोमेश्वराला महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. सहलीसाठी तो दिवस टाळावा, दर्शनासाठी जायचे असेल तर पहाटे जावे.

कुंटालाच्या डोहांत आजवर अनेक तरुणांचे जीव गेले आहेत. पोहता येणारेही बुडाले आहेत, कारण कातळातल्या कपारी वरून दिसत नाहीत आणि पडणारे पाणी माणसाला खाली दाबते. पाण्यात उतरू नका, ही सूचना आमच्याकडूनही समजा.

दोन्ही धबधबे एका दिवसात होतात. सकाळी कुंटाला, दुपारी जेवण करून पोचेरा, असा क्रम ठेवावा. दमणूक आधी उरकते आणि परतीची वाट जवळची राहते. तरुण मंडळींना पायपीट हवी असेल, तर नेरडिगोंड्याजवळ तर्नम खुर्द येथील गायत्री आणि बजारहतनूर मंडलात गिरनूरजवळचा कनकाई हे धबधबे आहेत. तेथे गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नये.

योग्य काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. पाणी भरपूर असते आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. हिवाळा संपेपर्यंत धार बारीक होते.

किनवटच्या बाजूला : सहस्रकुंड आणि उनकेश्वर

सहस्रकुंड पैनगंगेवर, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. काळ्या खडकांच्या अनेक कुंडांतून पाणी उसळत खाली येते. अलीकडचे गाव इस्लापूर. आज ते किनवट तालुक्यात आहे, पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत इस्लापूर सर्कल हे हैदराबाद राज्यातल्या आपल्या बोथ तालुक्याचाच भाग होते. राज्य पुनर्रचनेत ते सर्कल आणि किनवट तालुका पलीकडे गेले. म्हणूनच बोथमधल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी त्या बाजूला आहेत. घरातल्या आजी-आजोबांना सोबत न्यायचे असेल तर ही सहल पहिली निवडावी. पाहुण्यांकडे जेवण आणि धबधबा, दोन्ही एका फेरीत होते.

येथील पाणी नुसत्या पावसावर अवलंबून नाही. वरच्या अंगाला ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की सहस्रकुंड एकदम फुगते. इसापूर म्हणजे धरण आणि इस्लापूर म्हणजे गाव. नावे सारखी असल्याने फोनवर चौकशी करताना घोटाळा होतो. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे. किनवटहून रेल्वेने जाणे मुलांना आवडते, मात्र परतीच्या गाडीची वेळ आधी पाहूनच निघावे.

किनवट तालुक्यातच पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे. येथे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. हिवाळ्यात, धबधबे ओसरल्यावर, ही जागा चांगली.

गोदावरीकाठ : पोचमपाड, बासर, कंदकुर्ती

निर्मलमार्गे गेल्यास राष्ट्रीय महामार्ग 44 वर पोचमपाडचे श्रीरामसागर धरण लागते. त्याची पायाभरणी 26 जुलै 1963 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. धरणाला 42 दरवाजे आहेत. दरवाजे उघडल्याचे कळले की गर्दी उसळते. त्या दिवशी गाडी लांब लावून चालत जाण्याची तयारी ठेवावी.

बासरची सरस्वती सर्वांच्या परिचयाची. मुलांच्या अक्षराभ्यासासाठी जाणाऱ्यांनी वसंत पंचमी आणि नवरात्र यांचा विचार करावा. मुहूर्त मोठा, तशी रांगही मोठी. लहान मूल उपाशी राहू नये म्हणून खाऊ जवळ ठेवावा. बासरच्या वर, धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. या काळात बासरच्या घाटावर पाणी वाढते-घटते, तेव्हा शेवटच्या पायऱ्यांवर मुलांना सोडू नये.

बेटासारखे काही पाहायचे असेल तर कंदकुर्तीला जावे. हे गाव निजामाबाद जिल्ह्यात आहे. येथे गोदावरी, मांजरा आणि हरिद्रा यांचा संगम मानतात. नदीच्या पात्रात दगडी शिवमंदिर आहे. महापुरात ते पाण्याखाली जाते आणि पाणी उतरले की पुन्हा दिसते. पात्रात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. बासर आणि कंदकुर्ती एका दिवसात करायचे तर पहाटेच निघावे लागते.

निर्मल जिल्ह्यातले कडेम धरण हा आणखी एक बेत. जुलै 2022 च्या पुरात या धरणात येणारे पाणी दारांच्या क्षमतेपलीकडे गेले होते आणि खालच्या गावांतले लोक हलवावे लागले होते. ते पाणी आपल्याच डोंगरांतून गेले होते. धरण हिवाळ्यात पाहावे. येताना जंगलातला रस्ता दिवसाउजेडी पार करावा.

बस आणि ओळखपत्र

तेलंगणाच्या पल्लेवेलुगु आणि एक्सप्रेस बसमध्ये 9 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या महिलांना मोफत प्रवास आहे. त्यासाठी तेलंगणाचा पत्ता असलेले ओळखपत्र लागते. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच चालते, पुढचे तिकीट काढावे लागते. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. दोन्हीकडच्या बस वापरणार असाल तर सुटे पैसे आणि आधार कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

पाटीवरचे शब्द

आपल्या मुलांना तेलुगू वाचता येते, पाहुण्यांना येत नाही. त्यांना हे शब्द आधीच सांगून ठेवावेत : ‘प्रमादम्’ म्हणजे धोका (मराठीतला प्रमाद, म्हणजे चूक, नव्हे), ‘लोतु’ म्हणजे खोली, ‘जाग्रत्त’ म्हणजे सावध, ‘वागु’ म्हणजे ओढा. ‘लोतु’ लिहिलेल्या पाटीच्या पुढे जाऊ नये.

निघण्यापूर्वी

1. आदल्या दिवशी धबधब्याजवळच्या ओळखीच्या माणसाला फोन करून पाणी विचारा.
2. रस्त्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा किंवा परत फिरा.
3. काळ्या मातीच्या शेतात गाडी लावू नका. एक सर आली तरी चाके रुततात.
4. गटात एक माणूस फक्त मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी नेमा. फोटो काढणारा तो नसावा.
5. भाकरी, ठेचा, पाणी घरून न्या आणि कचरा परत आणा.
6. संकटात 112, रुग्णवाहिकेसाठी 108. हे दोन्ही क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतात.
7. दुपारी चारला परतीची तयारी सुरू करा.

पाणी जास्त दिसले म्हणून सहल रद्द करावी लागली, तर वाईट वाटून घेऊ नये. आठवड्याने तेच पाणी निवळ होते आणि घरातले सगळे सोबत जाऊन सगळे सोबत परत येतात.